इंग्लंडात इंग्रजी शिकवायला येण्याआधी

ताई, साताऱ्यात बारा वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलंय, तर इंग्लंडच्या माध्यमिक शाळेतला व्याप झेपेल का, असं विचारलंत. झेपेल. पण पहिला खडा कागदपत्रांतच लागतो. 2023 पासून भारतीय शिक्षकांना इथली शिक्षक-पात्रता, म्हणजे क्यूटीएस, थेट मागता येते. मात्र गणित, विज्ञान आणि परभाषा शिकवणाऱ्यांनाच. इंग्रजीवाले त्यात नाहीत! परदेशात पात्र ठरलेल्या शिक्षकाला क्यूटीएसविना चार वर्षं शिकवता येतं, तेवढ्यात ती मिळवायची. तिचा खर्च आणि वेळ कोण देणार, हे शाळेकडून लेखी घ्या. मी तोंडी बोलण्यावर विसंबले आणि पस्तावले.

आता कामाचं. सरकारी नियमात वर्षाला 195 दिवस आणि 1265 तास लिहिलेत, पण तपासणी आणि तयारी बहुतेक त्याबाहेरच होते. शिकवण्याच्या वेळेच्या किमान दहा टक्के तास तयारीसाठी मोकळे मिळतात, ते एका वर्गाच्या वह्यांतच संपतात. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, भाषा आणि साहित्य हे दोन वेगळे विषय, प्रत्येकाचे दोन पेपर. तीस मुलांची सराव परीक्षा म्हणजे एकशेवीस उत्तरपत्रिका, त्याही निबंधांच्या. साहित्याच्या पेपरला पुस्तक जवळ ठेवता येत नाही, त्यामुळे शेक्सपिअरच्या ओळी मुलं पाठ करतात. घोकंपट्टी मागे टाकून आले म्हणायची मी!

पहिल्या वर्षी मी प्रत्येक वहीत लाल शाईने रकानेच्या रकाने लिहिले. वाचले कुणीच नाहीत. आता तीस वह्या वाचते, सगळ्यांच्या सामाईक चुका एका कागदावर उतरवते आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच तास घेते. शाळेला हे चालतं का, हे मुलाखतीतच विचारा. काही शाळांना अजून प्रत्येक पानावर शेरा लागतो. तिथे रविवार विसरा.

वर्गाचं म्हणाल, तर बाई आल्या म्हणून कुणी उभं राहत नाही. शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं; तिथून नाताळपर्यंतचा काळ कठीण. पहिल्या आठवड्यात नावं पाठ करा, कोण कुठे बसणार ते तुम्हीच ठरवा. माझ्या ‘व’वर नववीची पोरं हसायची, कारण आपण व्ही आणि डब्ल्यू एकाच ओठांनी म्हणतो. मी दोन्ही अक्षरं फळ्यावर लिहून त्यांनाच मला शिकवायला लावलं. नंतर चिडवणं थांबलं.

सप्टेंबरच्या जागांसाठी इथल्या शिक्षकांना साधारण 31 मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो, म्हणून जाहिराती जानेवारीपासूनच बघा. व्हिसाला शाळेची स्पॉन्सरशिप लागते; ती देणार का, हे अर्ज भरण्याआधीच ईमेल करून विचारा.