खंडूला मारणाऱ्याला शिक्षा कधी होणार?

प्रिय मावशी,

आमचा खंडू सहा वर्षांचा होता. गावठीच. चंपाषष्ठीला दारात आला म्हणून सासूबाईंनी त्याचं नाव खंडू ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी फाटकापर्यंत जाऊन आला आणि अर्ध्या तासात तोंडाला फेस, अंगाला झटके. डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, पण दुपारी गेला. डॉक्टर म्हणाले, विषबाधा. फाटकाशी खिम्याचे दोन गोळे होते, एक अर्धवट खाल्लेला. दुसरा माझ्या मुलाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला, तो अजून फ्रीजरमध्ये आहे.

शेजारचे गृहस्थ वर्षभर खंडूच्या भुंकण्यावरून भांडत होते. दिवाळीत चार लोकांसमोर म्हणाले, "याचा एक दिवस बंदोबस्त करतो." आम्ही खंडूला परसात पुरलं. मिस्टर म्हणाले, शेजाऱ्याशी वैर नको, म्हणून पोलिसांत गेलो नाही. सासूबाई म्हणतात, देव बघतोय, केल्या कर्माची फळं भोगावीच लागतात. नणंद म्हणते, मुक्या जिवाने तुमच्यावरचं संकट अंगावर घेतलं. मुलगा दहा वर्षांचा आहे, रोज विचारतो, "त्यांना शिक्षा कधी होणार?"

गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या मुलीला डेंग्यू झाला, दवाखान्यात ठेवलं. कळल्याबरोबर माझ्या मनात आलं, बरं झालं. ती पोर खंडूला फाटकातून बिस्किटं द्यायची. मावशी, मी अशी कधी झाले? आणि कर्म खरंच न्याय करतं का?

नाव छापू नका, मिरज

*

आधी खंडूबद्दल. सहा वर्षं घरात वावरलेला जीव डोळ्यांसमोर तडफडून गेला, तर तीन आठवड्यांत कुणी सावरत नाही. "कुत्रंच तर होतं, दुसरं आणा" म्हणणारे तुलाही भेटले असतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस आणि त्यांचं मनावरही घेऊ नकोस. माणूस गेलं की आपल्याकडे दहावं-तेरावं असतं, लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भात येतो. खंडूसाठी कुणी आलं नाही. रडायला जागाच मिळाली नाही, म्हणून सगळं दुःख रागात गेलं.

आता तुझा प्रश्न. त्या माणसाचं काही वाईट होईल, ते तुला दिसेल आणि खंडूमुळेच झालं हेही कळेल, असं मी तुला सांगणार नाही. असली कामं करून नातवंडांत सुखाने म्हातारी झालेली माणसं प्रत्येक गावात आहेत. जनावरांसाठी जन्म घालवलेल्यांच्या नशिबीही मोठी दुखणी येतात. सासूबाईंचा विश्वास मी मोडायला सांगत नाही. पण ज्या परंपरेतून तो आला तिथेही संचित (साठलेलं), प्रारब्ध (भोगाला आलेलं), क्रियमाण (आत्ता करत असलेलं) अशी कर्माची विभागणी आहे आणि फळाला जन्मांची मुदत आहे. ते याच जन्मी, शेजारणीच्या डोळ्यांदेखत मिळेल असा शब्द कुणी दिलेला नाही.

महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्यांची कथा आहे. हे ऋषी मौन धरून तप करत होते. राजाचे शिपाई मागे लागलेले चोर त्यांच्या आश्रमात लपले, चोरीचा माल तिथेच सापडला. ऋषी बोलेनात, म्हणून राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवलं. ते मेले नाहीत. चूक उमगल्यावर राजाने त्यांना उतरवलं, पण सूळ निघेना. तो कापावा लागला आणि टोक अंगातच राहिलं. पुढे त्यांनी धर्माला, म्हणजे पापपुण्याचा निवाडा करणाऱ्या देवाला, गाठून विचारलं, मी असं काय केलं होतं? उत्तर मिळालं, लहानपणी तू पतंगांच्या, म्हणजे उडत्या किड्यांच्या, शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास.

तुझ्या प्रश्नाला याहून जवळची कथा मला माहीत नाही. मुक्या जिवाला मुद्दाम छळलं आणि त्याची शिक्षा मिळाली. पण मांडव्य ती मान खाली घालून स्वीकारत नाहीत. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड, म्हणून ते खुद्द धर्मालाच शाप देतात. तोच धर्म पुढे विदुर म्हणून जन्माला आला. शिवाय वयाच्या चौदा वर्षांच्या आत केलेल्याचं पातक लागणार नाही, अशी मर्यादाही ते घालून देतात. म्हणजे कर्माचा निकालसुद्धा तिथे जसाच्या तसा मान्य झालेला नाही. आणि मला नेहमी वाटतं, त्या पतंगांना यातून काय मिळालं? सुळावरच्या माणसाला शिक्षा कशाची आहे हे राजाला ठाऊक नव्हतं, त्याला स्वतःलाही नव्हतं. असा न्याय दहा वर्षांच्या मुलाला कसा समजावणार?

मुलीच्या तापाबद्दल तू जे लिहिलंस ते लिहायला धीर लागतो. "बरं झालं" हे मनात आल्याने तू दुष्ट झाली नाहीस. राग असा कुठूनही डोकं काढतो. पण तो आला कुठून तेही बघ. "त्याला फळ मिळेल" असं एकदा ठरलं की माणूस वाट बघायला लागतो. शेजारी रात्री दिवा का जळतोय, दारात रिक्षा का थांबली, इकडे कान लागतात. कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, की आपण मनात जमेला धरतो. त्या घरावर असा पहारा देत तू किती दिवस काढणार आहेस?

डेंग्यू एडिस डासामुळे होतो. तो डास तुझ्या तुळशीजवळच्या कुंडीखालच्या ताटलीतही झालेला असू शकतो. त्यात कुणाचं पाप नाही. आणि समज असतं, तरी बघ काय होतंय. भांडण मोठ्या माणसांचं होतं, जीव गेला खंडूचा. आता गुन्हा बापाचा आणि तापाने फणफणली मुलगी. याला न्याय म्हटलंस तर खंडूच्या बाबतीत जे घडलं त्यालाच तू न्याय म्हणालीस. ती पोर बरी होऊन आली असेल तर फाटकात तिच्याशी बोल. खंडू तिचाही होता. तिलाही रडू येत असेल आणि तिच्या घरात ते बोलायची सोय नसेल.

नणंदेचं वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय. माणसं ते मायेनेच बोलतात. तरी मला ते मुळीच पटत नाही, कारण त्यातून विष घालणारा माणूसच नाहीसा होतो. खंडूने काही अंगावर घेतलं नाही. त्याला खिम्याचा वास आला आणि त्याने खाल्लं. कुणीतरी बाजारातून खिमा आणला, त्यात विष कालवलं, हाताने गोळे वळले आणि तुझ्या फाटकाशी नेऊन ठेवले. यात तुझं मागच्या जन्मीचं काही नाही आणि खंडूचंही नाही.

मी "कुणीतरी" म्हणाले ते मुद्दाम. तू त्या गृहस्थांना गोळे टाकताना पाहिलेलं नाहीस. धमकी दिली ही मोठी गोष्ट आहे, पण तेवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. कर्माच्या भरवशावर बसलं की हा प्रश्नच उरत नाही, गुन्हेगार आपण आधीच ठरवलेला असतो. पोलीस चौकशीत मात्र तो विचारला जातो, आणि जायलाच हवा.

त्याच आदिपर्वात सरमा नावाच्या कुत्रीची गोष्ट आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचं सत्र, म्हणजे लांबलचक यज्ञ, चाललेलं असताना तिचं पिल्लू तिथे गेलं आणि राजाच्या भावांनी त्याला बडवलं. ते रडत आईकडे आलं. आईने आधी त्यालाच विचारलं, तू काही केलं असशील. ते म्हणालं, काही नाही, मी हविष्याला, यज्ञातल्या अन्नाला, तोंड लावलं नाही, त्याकडे बघितलंही नाही. मग सरमा सरळ यज्ञाच्या जागी गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, माझ्या मुलाचा काही अपराध नसताना त्याला का मारलं? एवढ्या मोठ्या राजाकडे आणि त्याच्या भावांकडे उत्तर नव्हतं. तेव्हा तिने शाप दिला, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. राजा धास्तावला आणि तो शाप शमवील असा पुरोहित शोधत फिरला.

लोक शाप लक्षात ठेवतात. मला तिचं तिथवर जाणं मोठं वाटतं. आधी तिने आपल्या पोराची चौकशी केली, मग चारचौघांत जाब विचारला आणि उत्तर मिळालं नाही तेव्हाच शापाचं पाणी हातात घेतलं. तू अजून कुणालाच काही विचारलेलं नाहीस.

म्हणून पोलीस ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३२५ व्या कलमाखाली प्राण्याला ठार मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जुन्या दंडविधानात आधी जनावराची किंमत बघायचे, दहा रुपयांचं की पन्नास रुपयांचं. नव्या कलमात ती अट नाही, तुझा गावठी खंडू आणि लाखाचं विलायती कुत्रं तिथे सारखंच. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवून तपास करण्यासारखा. ठाणे अंमलदार म्हणतील, "कुत्र्यासाठी एफआयआर कशाला, एनसी (अदखलपात्र नोंद) करून देतो." ऐकू नकोस. कलमाचा आकडा लेखी अर्जातच घाल आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे. तरी नोंद झाली नाही तर तोच अर्ज पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठव, त्यानेही हललं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. हा आकडा वाचला की माझा संताप होतो. एका जिवाची हालहाल करून हत्या, आणि दंड चहा-भज्यांच्या पैशांत. तरी अर्जात तोही कायदा लिही, पण त्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. तुझे तीन आठवडे गेलेत.

तुझ्या मुलाने जपून ठेवलेली पिशवी हा सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. घरातल्या मोठ्यांना जे सुचलं नाही ते त्या पोराला सुचलं. मिस्टरांना ती टाकू देऊ नकोस. आज ती घट्ट डब्यात बंद कर, वर मोठ्या अक्षरात "विष" लिही आणि पोलिसांकडे पंचनामा करूनच दे. न्यायसहायक प्रयोगशाळेत तपासणी व्हावी असं अर्जात माग. डॉक्टरांकडून उपचाराचा कागद घे, त्यात खंडूची लक्षणं आणि वेळ लिहून घे. समोरच्या दुकानाला कॅमेरा असेल तर आजच विचार, कारण जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. उशीर झालाच असेल, पण विचार. दिवाळीतली धमकी ज्यांनी ऐकली त्यांची नावं दे. ती नावं अर्जातच राहू देत. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेजाऱ्यांना खुनी म्हणू नकोस, नाहीतर उलट तुझ्यावरच अब्रुनुकसानीची नोटीस यायची.

इतर वाचकांसाठी एवढंच: जनावर विषाने गेलं असं वाटलं तर पुरायची घाई करू नका. बर्फात ठेवून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदन करून घ्या. आणि विष खाल्ल्याचं दिसलं तर दूध, तेल, मिठाचं पाणी काही पाजू नका. जे खाल्लं त्याचा नमुना घेऊन डॉक्टर गाठा.

मिस्टरांना सांग, वैर तुम्ही करत नाही आहात. ते ज्याने करायचं त्याने तुमच्या दारात आणून ठेवलं. त्या फाटकाशी तुमचा मुलगाही खेळतो, गल्लीतली लहान पोरं पडलेलं काहीही उचलतात. तक्रार त्यांच्यासाठीही आहे.

खटला उभा राहील का, शिक्षा होईल का, मी सांगू शकत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने जातात, साक्षीदार ऐन वेळी गप्प बसतात. मुलाला हे असंच सांग. शिक्षा होईलच असं वचन देऊ नकोस. "देव देईल" म्हणून प्रश्न मिटवूही नकोस, नाहीतर तोही तुझ्यासारखा शेजारच्या खिडकीकडे बघत बसेल. सांग, आपण लेखी विचारलंय, आता पोलिसांनी उत्तर द्यायचं आहे. त्या दिवशी त्याने काय पाहिलं, गोळे कुठे होते, किती वाजले होते, हे त्याच्याकडून वहीत तारीख घालून लिहून घे. त्याला ठाण्यात नेऊ नकोस, वही मात्र सोबत ने.

उद्या सकाळी मिस्टरांना बरोबर घेऊन जा. नाही आले तर सासूबाईंना ने, खंडूला नाव त्यांनीच ठेवलं होतं. पोच मिळाली की मला कळव.

तुझी,
मावशी