टाइम ट्रॅव्हल पटत नाही, तरी सिनेमा एन्जॉय कसा करता?

अहो, एक थाप सुरुवातीलाच मान्य करून टाकायची, झालं. 'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) मध्ये गाडीने ताशी ८८ मैल गाठले की पोरगा थेट १९५५ मध्ये, का ते कोण विचारतंय! पण पुढे परत यायला लागणारी वीज टॉवरच्या घड्याळावर रात्री १०:०४ लाच पडणार म्हणजे पडणार, आणि तोवर आईबाबांचं जुळलं नाही तर हा स्वतःच फोटोतून पुसला जाणार, इथे आपला जीव अडकतो. (सराफ्याच्या खाऊगल्लीत जाताना आमच्या इंदूरच्या गांधी हॉलचं घड्याळ दिसलं की मला अजून हसू येतं.) मधेच नियम बदलणारे सिनेमे मात्र डोक्यात जातात, तेव्हा मी सरळ उठून भुट्ट्याचा कीस खायला जातो.