नागरिकत्व प्रमाणपत्र पुरत नाही, बाळाच्या जन्मदिवशीचा आयएलआर दाखवा

ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलीच्या पहिल्या ब्रिटिश पासपोर्टबद्दल तुम्ही विचारलंत. मुलीचा जन्म मार्च 2021 चा, तुमचा आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) 2020 चा, ब्रिटिश नागरिकत्व मिळालं 2022 मध्ये. पासपोर्टच्या अर्जाला नागरिकत्व प्रमाणपत्र जोडलंत आणि आता 'आणखी पुरावा पाठवा' अशी ईमेल आलीय. अगदी हाच घोळ आमच्याकडे झाला होता, आणि तोही फी घेऊन 'प्रमाणपत्र बास' म्हणणाऱ्या एका सल्लागार कार्यालयामुळे. त्यात कित्येक आठवडे गेले.

प्रमाणपत्रात काही खोट नाही, त्यावरची तारीख उपयोगाची नाही. 1 जानेवारी 1983 पासून ब्रिटनमध्ये जन्मलं एवढ्यावर बाळ ब्रिटिश होत नाही. त्या दिवशी आई किंवा बाबा यांपैकी एकजण तरी ब्रिटिश किंवा 'सेटल्ड' (म्हणजे आयएलआरसारखी कायम राहण्याची परवानगी असलेला) असावा लागतो. 2022 चं प्रमाणपत्र 2021 मधल्या तुमच्या स्थितीबद्दल काहीच सांगत नाही. 'आधी आयएलआर असल्याशिवाय नागरिकत्व मिळालंच कसं असतं?' हा तुमचा युक्तिवाद बरोबर आहे, पण तपासणाऱ्याच्या टेबलावर युक्तिवाद चालत नाही, कागद चालतो.

आता मेख अशी, की तेव्हा नागरिकत्व मिळाल्यावर बीआरपी कार्ड (ब्रिटनमधल्या वास्तव्याच्या परवान्याचं ओळखपत्र) कामाच्या पाच दिवसांत परत पाठवायचा नियम होता, नाहीतर दंड. म्हणजे जो पुरावा पुढे लागणार तोच आपण इमानेइतबारे पोस्टात टाकला! दोन्ही बाजूंची छायाप्रत काढून ठेवली असेल तर उत्तम. नसेल तर आयएलआर मंजूर झाल्याचं पत्र किंवा ईमेल शोधा. त्यावर निर्णयाची तारीख आणि संदर्भ क्रमांक असतो. तेही सापडत नसेल तर होम ऑफिसकडे (ब्रिटनचं गृहखातं) स्वतःच्या नोंदी मागवा ('सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट'). फुकट आहे, साधारण महिना धरा. 'आयएलआर कोणत्या तारखेला मंजूर झाला' एवढंच नेमकं विचारा, सगळी फाइल मागत बसू नका. तोवर पासपोर्ट कार्यालयाला लेखी कळवा की कागद मागवलाय, आणि आयएलआरचा जुना संदर्भ क्रमांक कुठे लिहिलेला असेल तर तोही त्यांना द्या.

आयएलआरचा शिक्का जुन्या भारतीय पासपोर्टात असेल तर तोच पाठवा. ब्रिटिश झाल्यावर भारत सरकारकडे सरेंडर केलेला पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. लोक तो रद्दीत टाकतात. कृपा करून टाकू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: धरायची ती आयएलआर *मंजूर* झाल्याची तारीख, अर्ज केल्याची नव्हे. अर्ज सोमवारी, बाळ बुधवारी, मंजुरी शुक्रवारी, तर बाळ जन्माने ब्रिटिश नाही (दुसरा पालक ब्रिटिश वा सेटल्ड असेल तर गोष्ट वेगळी). मग आधी एमएन1 अर्जाने मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी, ती 18 वर्षं पूर्ण होण्याआधी, आणि त्यानंतर पासपोर्ट. थेट पासपोर्टचा अर्ज केलात तर नकार येतो आणि फी परत मिळत नाही. एमएन1 ची फी पासपोर्टच्या कितीतरी पट आहे, तेव्हा तारखा आधी जुळवून बघा.

जन्मदाखला पूर्णच हवा. छोट्या दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात, तो इथे कामाचा नाही. बीआरपीची छायाप्रत सोडली तर सगळे कागद मूळ. लॅमिनेट केलेले घेत नाहीत.

आपल्या लोकांची खास अडचण म्हणजे नावं. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, बाळाच्या दाखल्यावर सासरचं, मधलं नाव कुठे आहे, कुठे नाही. विवाह प्रमाणपत्र सोबत जोडाच. फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह. आणि बाळाचा भारतीय पासपोर्ट आधीच काढला असेल तर अर्जासोबत तोही मागतात, दोन्हीकडे नाव एकच लागतं. ब्रिटिश पासपोर्ट आला की भारतीय सरेंडर करायचा, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड). दोन्ही ठेवता येत नाहीत, कोणी काहीही सांगो.

काउंटरसिग्नेचरसाठी, म्हणजे ओळख पटवणाऱ्या तिऱ्हाइताच्या सहीसाठी, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जाऊ नका. तुम्हाला निव्वळ पेशंट म्हणून ओळखणारा डॉक्टर चालत नाही. अर्ज करणाऱ्या पालकाला किमान दोन वर्षं ओळखणारा, नात्यात नसलेला, मान्य व्यवसायातला (निवृत्तही चालतो) किंवा समाजात प्रतिष्ठित असा माणूस लागतो. अर्ज ब्रिटनमधून असेल तर त्याच्याकडे चालू ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्टही हवा. बँकेत अधिकारी किंवा शाळेत शिक्षक असलेला मित्र असेल तर त्याला विचारा.

मी वकील नाही. प्रकरण गुंतागुंतीचं असेल, किंवा जन्म भारतातला असेल, त्यातही तुम्ही स्वतः वंशाने ब्रिटिश (ब्रिटनबाहेर जन्मून पालकांमुळे ब्रिटिश) असाल, तर नियम वेगळे लागतात. अशा वेळी सल्लागार इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला आहे का ते तपासून मगच पैसे द्या. आणि मुंबईची तिकिटं पासपोर्ट हातात आल्यावरच.