फोन चोरीला गेला, पण हातात ‘गहाळ’चा दाखला; एफआयआर का नाही?

तुम्ही विचारलंय की ठाणे-वाशी लोकलमध्ये चढताना खिशातला फोन गेला, पोलिसांनी ‘मोबाईल गहाळ’ असा दाखला देऊन घरी पाठवलं. मग एफआयआर (पोलिसांनी नोंदवलेली गुन्ह्याची पहिली खबर) केव्हा होते आणि एनसी म्हणजे काय?

मी वकील नाही. पण गेल्या वर्षी ठाण्याला दहा नंबर फलाटावर माझाही फोन असाच गेला. ऐरोलीला उतरून खिसा चाचपला तेव्हा कळलं. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार (तक्रार घ्यायला बसलेले पोलीस) म्हणाले, “रेल्वेत गेलाय ना? मग लोहमार्ग पोलिसांकडे जा.” मी मुकाट्याने निघालो. चूक माझीच, कारण गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास-खटल्याच्या प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते.

लोहमार्गवाल्यांनी टाइप करायला घेतलं आणि विचारलं, “पडला की चोरला?” मी बावळटासारखा म्हणालो, “पडलाही असेल.” संपलं. पडला म्हणजे गहाळ, गहाळ म्हणजे गुन्हाच नाही, मग एफआयआर कशाची? तुमच्या दाखल्यावर कोणता शब्द आहे ते आधी बघा. धक्का बसला, खिसा कापलेला होता, मागे कोण उभं होतं, जे आठवतं ते सांगा. जे आठवत नाही ते रंगवू नका. फिर्याद टाइप झाल्यावर वाचून दाखवायला हवी, मगच सही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, ‘गर्दीचा फायदा घेऊन चोरला’ हे वाक्य आल्याची खात्री केली, तेव्हा सही केली. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

आता एनसी. काही गुन्हे दखलपात्र असतात, त्यांची एफआयआर होते आणि त्यात पोलीस स्वतःहून तपास आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात. बाकीचे अदखलपात्र. त्यांची नोंद होते ती एनसी (नॉन-कॉग्निझेबल), पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. शेजाऱ्याने शिवी दिली की बहुतेक वेळा एनसीच होते. गंमत म्हणजे नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली जाऊ शकते. म्हणून फोनचं बिल सोबत न्या, नाहीतर जुन्या फोनची किंमत समोरचा ठरवेल.

दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवून घेत नसतील, तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे (आपल्याकडे पोलीस उपायुक्त), आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात एफआयआर बंधनकारक असल्याचं सांगितलंय. मात्र आवाज चढवून हे वाक्य फेकू नका, साहेब लगेच ताठ होतात. “अर्जाची पोच द्या” एवढंच म्हणा.

ई-मेलने खबर दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तक्रारीची प्रत हातात आली की त्याच रात्री संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ब्लॉक करून टाका, आणि मोबाईल कंपनीला सांगून सिमकार्डही. माझा फोन अजून मिळालेला नाही.