एलईडी लावूनही बिल का उतरत नाही

ताई, तुम्ही दिलेली माहिती अशी: नाशिकमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावरचा टूबीएचके, घरात चार माणसं, एक एसी, एक 15 लिटरचा गिझर. एप्रिलचा वापर 342 युनिट. सगळे दिवे एलईडी केले तरी बिल हलत नाही. 'पॉवर सेव्हर' डबी घ्यावी का, गॅस गिझर बरा का, सोलरचं काय, आणि आपल्या एका घराने पर्यावरणाला असा काय फरक पडतो हा मुलीचा प्रश्न. मी बरीच वर्षं सोसायट्यांमध्ये लोकांची बिलं आणि मीटर बघत आलोय, त्या जोरावर सांगतो.

आधी बिल उलटून मागची बाजू बघा. महावितरणचे घरगुती स्लॅब, म्हणजे दराचे टप्पे, महिन्याच्या युनिटांवर 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे आहेत. दुसऱ्या स्लॅबचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे, तिसऱ्याचा जवळपास तिप्पट. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) आणि 16 टक्के वीज शुल्क धरलं की 300 च्या वरची तुमची शेवटची 42 युनिटं तुम्हाला प्रत्येकी पंधरा रुपयांच्या वर पडली आहेत. बचत नेहमी या वरच्या टोकाकडून होते. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून 'एका युनिटला इतके रुपये' असा हिशोब मांडू नका. त्याने प्रत्येक उपाय आहे त्यापेक्षा कमी फायद्याचा दिसतो, आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

दिव्यांचं म्हणाल तर एलईडीने जे वाचायचं ते आधीच वाचलंय. चार एलईडी ट्यूब रोज पाच तास लावल्या तरी महिन्याला बारा युनिटं होतात. 342 मध्ये त्यांना शोधून उपयोग नाही.

आता एक काम आज रात्रीच करा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ '3200 इम्प/केडब्ल्यूएच' असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ असा की तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातले सगळे दिवे, पंखे, एसी, गिझर नेहमीसारखे बटणाने बंद करा आणि फ्रिजचा प्लग पाच मिनिटं काढा. मेन स्विच पाडायचा नाही, नाहीतर मोजायला काही उरणारच नाही. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद जातात ते मोजा. मीटर 3200 चा असेल तर 1125 ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर वॉटमध्ये येतं. समजा 18 सेकंद आले, तर सगळं 'बंद' असताना घर साधारण 62 वॉट ओढतंय. हे चोवीस तास चालतं. महिन्याची 45 युनिटं झाली, म्हणजे तुमचा अख्खा तिसरा स्लॅब. (मीटरवर 1600 लिहिलं असेल तर 1125 च्या जागी 2250 घ्या.)

मग एकेक प्लग काढत जा आणि दर वेळी पुन्हा मोजा. बहुतेक घरांत सेट-टॉप बॉक्स सापडतो, कारण रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो आतून चालूच असतो. दुसरा नेहमीचा सापडणारा म्हणजे इन्व्हर्टर. बॅटरी जुनी झाली किंवा तिच्यातलं डिस्टिल्ड वॉटर खाली गेलं की ती कधी भरतच नाही आणि रात्रंदिवस चार्जिंग ओढत राहते. वायफायचा राउटर ठेवा, त्याच्यावरून घरात भांडण नको. टीव्हीच्या मागे एकच स्पाइक बस्टर लावून झोपताना त्याचं बटण बंद करायची सवय लागली तरी पुष्कळ झालं.

पंख्यांकडे मात्र लोकांचं लक्षच जात नाही, कारण पंखा गरिबाघरचा समजला जातो. साधा छताचा पंखा पूर्ण वेगावर 75 वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, 30 च्या आसपास. तुमच्या हॉलचा पंखा 14 तास आणि दोन बेडरूमचे 9-9 तास धरले तर रोजचे 32 तास झाले. दर तासाला 45 वॉट वाचले की महिन्याला सुमारे 43 युनिटं. चांगला बीएलडीसी पंखा तीन हजारांच्या आसपास येतो, म्हणजे तिन्ही पंख्यांचे पैसे दीड-दोन वर्षांत वसूल होतात. एकदम तीन घेणं जमत नसेल तर हॉलचा आधी बदला, सर्वांत जास्त तास तोच फिरतो. एक काळजी घ्या: बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही. वायरमनला तो बायपास करायला सांगा, नाहीतर पंख्याच्या आतलं सर्किट जळतं आणि दोष पंख्याला लागतो.

मुलीचा प्रश्न इथेच घेतो, कारण तिच्या प्रकल्पाला हा आकडा कामाचा आहे. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 43 युनिटं म्हणजे महिन्याला 30 किलो, तेही नुसत्या तीन पंख्यांतून. तुमच्या गावालाच एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे, 210 मेगावॉटचे तीन संच. कोळशाच्या वाघिणी आणि राखेचं तळं तिला लांबून का होईना एकदा दाखवा. स्विचबोर्डाच्या मागे काय चालतं हे ज्या मुलांनी पाहिलंय, त्यांना दिवा बंद कर म्हणून सांगावं लागत नाही. आणि हेही सांगा की संध्याकाळी सातनंतर सौरवीज संपते आणि सगळा भार कोळसा आणि कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांवर येतो. म्हणून वॉशिंग मशीन, इस्त्री, टाकीचा पंप शक्य तेवढा दिवसा चालवणं हीसुद्धा मदतच आहे.

तुमच्या घरात एसीचा मोठा वाटा आहे. पण एसीपेक्षा मला तुमच्या छताची जास्त काळजी वाटते. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री एक-दोन वाजेपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. एसी खोलीतली हवा थंड करतो आणि छत ती पुन्हा तापवतं, रात्रभर हेच चालू. आपल्याकडे जुन्या गच्च्यांवर कोब्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवायचे, ते ऊन परतवायला फार चांगलं होतं. तुमच्या गच्चीवर काळा डांबरी थर किंवा उघडा कोबा असेल तर सोसायटीशी बोलून फेब्रुवारीतच पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुन्याचे दोन हात मारून घ्या. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून ताट्या किंवा बांबूची चिक लावा, ऊन काचेच्या बाहेरच अडायला हवं. नाशिकची हवा एप्रिलमध्ये कोरडी असते आणि रात्री उतरते. सकाळी नऊला खिडक्या बंद आणि रात्री दहानंतर सताड उघड्या, इतकं केलं तरी एसीचे तास कमी होतात. कूलरसुद्धा नाशिकला चालतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत नाही चालत.

एसी लावाल तेव्हा 26 वर ठेवा आणि पंखा मंद सोडा. दर एका अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. 18 वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ जोरात चालतं. जाळी पंधरवड्याला धुवा. नवा घेताना नुसते तारे मोजू नका, लेबलवरची वार्षिक युनिटं वाचा. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या स्टॉकमधले पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. फ्रिजचंही तसंच. त्याच्या दाराच्या रबरात कागद धरून बघा, सहज निसटला तर रबर बदला.

गिझरचा खर्च तुम्हाला हिवाळ्यात दिसेल. 18 लिटरची बादली 18 अंशांवरून 42 पर्यंत तापवायला अर्धं युनिट लागतं. चार माणसांची महिन्याला 60 युनिटं होतात. शॉवरखाली पाच मिनिटांत सहज 40 लिटर जातं, त्याचा हिशोब तुम्हीच करा. थर्मोस्टॅट 50-55 वर आणा, आंघोळी एकापाठोपाठ उरका आणि गिझर तासन्‌तास चालू ठेवू नका. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत कृपा करून लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याने माणसं दगावली आहेत. लावायचाच तर बाहेर, मोकळ्या हवेत.

पॉवर सेव्हर डबीवर एक रुपया घालवू नका. ती पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते त्याचं माप) सुधारल्याचा दावा करते, आणि घरगुती बिलात पॉवर फॅक्टरचे पैसे लागतच नाहीत.

सोलर चांगलं आहे, पण आधी वापर कमी करा, मग किती किलोवॉटचं ते ठरवा. आपल्याकडे 1 किलोवॉट रोज चार युनिटांच्या आसपास देतं. पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किंवा त्यापुढे 78 हजार अनुदान आहे. फ्लॅटसाठी गच्चीच्या हक्काचा प्रश्न येतो, त्यामुळे सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांच्या मीटरवर सामाईक सोलरचा विषय पुढच्या सभेत मांडा. त्यालाही प्रति किलोवॉट 18 हजार अनुदान मिळतं. छताच्या पांढऱ्या रंगाचा ठराव त्याच सभेत घ्या.

रात्री मीटरचं माप झालं की इम्पचा आकडा, सेकंद आणि इन्व्हर्टरची बॅटरी किती वर्षांची आहे एवढं लिहा. तीन पंखे आधी की बॅटरी आधी, ते त्यावरून सांगतो.