ताली घातल्या, तरी विहिरीचे पाणी का सुधारले नाही?

प्रश्न : वेल्हे भागात, पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला, आमची दोन एकर उताराची जमीन आहे. नाचणी आणि भाजीपाला घेतो. तीन वर्षांपूर्वी ताली (उताराला आडवे बांध) बांधून घेतल्यापासून ओढ्याला जाणारे लाल, गढूळ पाणी बरेच निवळले आहे; मात्र शेताखालच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त असल्याचा अहवाल आला. माती अडली, तरी असे का व्हावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : निवळ पाणी म्हणजे निर्दोष पाणी, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि धुपीच्या संशोधनानेही तो नकळत जोपासला, असे मला वाटते. विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेले मातीच्या धुपीचे प्रसिद्ध समीकरण सुमारे 22 मीटर लांबीच्या आणि 9 टक्के उताराच्या प्रमाण वाफ्यावर बेतलेले आहे. पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उतार, पीक आणि बांधबंदिस्ती यांवरून हेक्टरी किती टन माती जाईल, हे ते सांगते. भारतासाठी 1983 मध्ये केलेला अंदाज वर्षाला हेक्टरी सरासरी 16.35 टन असा होता. आकडा मोठा वाटतो, पण शेतभर पसरला तर तो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा थर होतो, म्हणूनच शेतकऱ्याच्या तो सहसा नजरेत येत नाही. विरघळून गेलेल्या खताचा हिशेब मात्र या समीकरणात नाही.

आपल्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. स्फुरद (फॉस्फरस) चिकणमातीच्या बारीक कणांना धरून राहते, त्यामुळे ताल माती अडवते तेव्हा त्याचा बराचसा भागही अडतो. धरणातील शेवाळ वाढण्यास स्फुरद हातभार लावत असल्याने हा लाभ लहान नाही. नायट्रेटचे, म्हणजे युरियासारख्या खतातील नत्राच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपाचे, तसे नाही. त्याच्यावर आणि मातीच्या कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असल्याने माती त्याला धरून ठेवत नाही, आणि तालीमुळे जे पाणी ओढ्याकडे न पळता जमिनीत मुरते (ताल घालण्याचा एक हेतूच तो), त्याच्याबरोबर पिकाने न उचललेले नायट्रेट विहिरीकडे उतरू शकते. म्हणून ताली मोडू नयेत, खताची वेळ बदलावी : युरिया मोठ्या पावसाच्या तोंडावर एकदम न टाकता, पिकाच्या वाढीप्रमाणे हप्त्यांनी द्यावा.

दोष सगळा शेताचाच, असेही गृहीत धरू नये. विहिरीच्या वरच्या बाजूला गोठा, उकिरडा किंवा शौचालयाचा शोषखड्डा असेल, तर आधी तिकडे पाहावे.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आपला आकडा त्याहून अधिक असेल, तर हे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधासाठी वापरू नये, आणि उकळून तर मुळीच नाही, कारण उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. पुढची तपासणी मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर, अशी दोनदा करून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.