जोहान्सबर्ग उंचावर आहे म्हणून ऑल ब्लॅक्स हरणार का?

प्रश्न: २२ ऑगस्ट २०२६ ला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिका-न्यूझीलंड पहिली रग्बी कसोटी आहे. तिथल्या उंचीमुळे स्प्रिंगबॉक्स (दक्षिण आफ्रिकेचा संघ) हमखास जिंकणार असं सगळे म्हणतात. खरं आहे का? आणि सामन्यात लक्ष कशावर ठेवायचं?

उत्तर: नाही. जिंकतील कदाचित, पण हमखास नाही आणि उंचीमुळे तर अजिबातच नाही. मी स्प्रिंगबॉक्सच्या बाजूचा, तरी हे उंचीचं पालुपद ऐकलं की डोकं फिरतं. जिंकले तर श्रेय हवेला, आणि हरणाऱ्याला फुकटची सबब.

एलिस पार्क समुद्रसपाटीपासून साधारण १,७५० मीटरवर आहे, कबूल. पण याच मैदानावरून ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचा संघ) २०१३ मध्ये ३८-२७, २०१५ मध्ये २७-२० आणि २०२२ मध्ये ३५-२३ असे जिंकून गेलेत. २०१४ मध्ये हरले ते २७-२५, तेही आफ्रिकेच्या पॅट लॅम्बीने अगदी शेवटी जवळजवळ ५५ मीटरवरून मारलेल्या पेनल्टीमुळे. २०२४ मध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांपर्यंत २७-१७ असे पुढे होते आणि ३१-२७ हरले. याला बालेकिल्ला म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि १६ ऑगस्ट २०२५ सगळे सोयीस्कर विसरतात. समोर ऑस्ट्रेलिया. पहिल्या वीसेक मिनिटांत दक्षिण आफ्रिका २२-०. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने ओळीने ३८ गुण केले आणि आफ्रिकेला उरलेल्या तासाभरात एकही मिळाला नाही. वॉलबीज, म्हणजे ऑस्ट्रेलिया, त्या मैदानावर १९६३ नंतर पहिल्यांदा जिंकले. पाहुण्यांना धाप लागायला हवी होती ना? लागली यजमानांना.

झालं काय ते नीट समजून घ्या, कारण न्यूझीलंडने तो सामना दहा वेळा पाहिला असणार. २२-० झाल्यावर स्प्रिंगबॉक्सना मोह पडला. किक आणि मॉल (चेंडूवाल्याभोवती गोळा होऊन एकत्र ढकलणं) बाजूला ठेवून चेंडू या टचलाइनपासून त्या टचलाइनपर्यंत फिरवायला लागले. चेंडू कडेला गेला की धिप्पाड फॉरवर्ड मागे, मध्यभागी राहतात. कडेला टॅकल झाला की रक (पडलेल्या चेंडूवरची झटापट) साफ करायला एखादाच सोबती जवळ असतो. तो पोचायला दोन सेकंदांच्या वर लागले की संपलं. समोरचा फ्लँकर (चेंडू हिसकावण्यात तरबेज फॉरवर्ड) पाय रोवून, स्वतःचा भार स्वतःच्या पायांवर ठेवून चेंडूवर वाकतो. खाली पडलेल्याने चेंडू धरून ठेवला तर पेनल्टी, सोडला तर चेंडू गेला. ऑस्ट्रेलियाच्या फ्रेझर मॅकराइटसारख्या फ्लँकरला एवढी फट पुरते. त्यात घाईचे पास, आणि त्यातलाच एक ऑस्ट्रेलियाच्या सुआलीने मधल्यामध्ये पकडून थेट ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं). यात हवेचा दोष कुठे?

उंचीचा खरा परिणाम होतो तो किकवर. विरळ हवेत चेंडूला अडवणूक कमी, म्हणून तो जास्त लांब जातो. घरच्यांना पल्ल्याचा अंदाज असतो. पाहुण्या स्क्रमहाफने (रकमधून चेंडू काढणाऱ्याने) रकच्या मागून बॉक्स किक, म्हणजे उंच आणि आखूड किक, मारली की ती समुद्रकाठच्या सवयीने जरा पुढे पडते. बॉक्स किक २०-२५ मीटरवर पडली आणि चारेक सेकंद हवेत राहिली, तरच धावत गेलेला विंगर (कडेचा वेगवान खेळाडू) तिच्याखाली पोचतो. थोडी लांबली की झेलणाऱ्याला मोकळी हवा मिळते आणि तो पळत सुटतो. आपल्या झेलणाऱ्याभोवती सोबत्यांची भिंत उभी करायची पूर्वीची युक्तीही आता रेफ्री चालू देत नाहीत, त्यामुळे हवेतली झटापट आणखी महत्त्वाची झाली आहे. लांब किक जरा जोरात बसली तर इन-गोल (ट्राय करायची पट्टी) ओलांडून मागे जाते आणि मग समोरच्याला जिथून मारली तिथे स्क्रम (दोन्हीकडच्या फॉरवर्डची जुळून ढकलाढकली) मागता येतो. पहिल्या दहा मिनिटांत न्यूझीलंडच्या किक कुठे पडतात ते मोजा. अंदाज बसलेला दिसला तर उंचीचा विषय तिथेच मिटला. शिवाय हा काही एका सामन्याचा धावता दौरा नाही. कसोटीआधीच स्थानिक संघांशी सामने आहेत, म्हणजे सरावाला पुरेसा वेळ आहे.

सामना फिरतो तो ५० ते ६५ या मिनिटांत, बेंचवर. आठ बदली खेळाडू, त्यात पुढच्या फळीचे तीन सक्तीचे. बाकी पाचांचं काय करायचं यात आफ्रिकेचा प्रशिक्षक एरास्मसचं डोकं आहे. आठांत पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक (मागे पळणारे), म्हणजे ५-३, सगळे करतात, हा ६-२ किंवा ७-१ करतो. ताजे प्रॉप (स्क्रमच्या पुढच्या फळीतले कडेचे दोघे) आले की दमलेल्या टाइटहेडची (उजव्या प्रॉपची) परीक्षा सुरू होते. वेलिंग्टनला २०२५ मध्ये मध्यंतराला न्यूझीलंड १०-७ पुढे होतं. दुसऱ्या अर्धात ३६-०, एकूण ४३-१०, ऑल ब्लॅक्सचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. आणि वेलिंग्टन तर चक्क समुद्रकाठी आहे! एक आठवडा आधी ईडन पार्कवर हेच स्प्रिंगबॉक्स २४-१७ हरले होते, हेही सांगून टाकतो.

स्क्रममध्ये चेंडू बघू नका, लूजहेडचं (डाव्या प्रॉपचं) डावं कोपर बघा. कोपर वर, पाठीच्या रेषेत असेल तर तो सरळ ढकलतोय. कोपर जमिनीकडे वळलं की तो समोरच्याला खाली ओढतोय, म्हणजे स्क्रम कोसळणार. रेफ्रीला कोणती बाजू दिसते यावर बऱ्याचदा पेनल्टी कोणाला ते ठरतं. अन्यायच, पण आहे.

७-१ ला ‘खेळाच्या भावनेविरुद्ध’ म्हणणाऱ्यांसाठी: नियमात बसतं आणि जोखीम त्यांचीच असते. २०२३ च्या विश्वचषकाच्या न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात हूकर (पुढच्या फळीतला मधला) बोंगी एम्बोनाम्बी सुरुवातीलाच जायबंदी झाला, तेव्हा मुख्यतः फ्लँकर असलेला डिऑन फूरी उरलेला सगळा वेळ हूकर म्हणून खेळला आणि लाइनआउट (टचवरून चेंडू आत फेकणं) डळमळले. बॅक म्हणून बेंचवर एकटा विली ल रू होता. १२-११ ने वाचले. वाचले म्हणून शहाणे ठरले, हे मला मान्य आहे.

माझा अंदाज, आफ्रिका जिंकेल, पण सात गुणांच्या आत. पण ऑगस्टमध्ये तिथे कोरडा हिवाळा असतो, चेंडू घसरत नाही, म्हणजे पहिला अर्धा तास न्यूझीलंडच्या पासिंगला पोषक. मध्यंतराला ते दहाच्या वर पुढे असतील तर माझा अंदाज विसरा. संघ जाहीर झाल्यावर आधी बेंच वाचा, सुरुवातीचे पंधरा नंतर. जोहान्सबर्गच्या वेळेत साडेतीन तास मिळवा की आपली वेळ येते, आणि चहा करायला मध्यंतरात उठा, पन्नासाव्या मिनिटाला नको.